मनगटातले हाड मरते तेव्हा : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेकडून कष्टकऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

"दादा, नुसती भोकं पाडून ऑपरेशन करतात म्हणे. म्हणजे पंधरा दिवसांत कामावर जाता येईल ना?"

हा प्रश्न आम्हाला एका एकतीस वर्षांच्या तरुणाने विचारला. पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही बांधकाम मजुरांच्या नोंदणीचे आणि आरोग्याचे काम करतो. तिथेच तो राहतो. जुन्या इमारती पाडताना स्लॅब आणि भिंती फोडायचे ब्रेकर मशीन चालवणे हे त्याचे काम. त्याचे नाव आम्ही इथे लिहीत नाही, पण त्याची हकीकत त्याच्या परवानगीने सांगत आहोत. कारण ती एकट्याची नाही.

दोन वर्षे त्याचे उजवे मनगट दुखत होते. सुरुवातीला "लचकले असेल" म्हणून आईने तेल गरम करून चोळले. मग मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मग कुणीतरी सांगितले म्हणून एका दवाखान्यात तीन वेळा इंजेक्शन घेतले. दुखणे थांबले की तो कामावर, पुन्हा सुरू झाले की घरी. दोन वर्षांत एकदाही कुणी मनगटाचा एक्स-रे काढला नाही. शेवटी पाण्याची बादली उचलताना हातातून सुटली, तेव्हा आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. एक्स-रे पाहून हाताच्या शल्यविशारदांनी सांगितले, "मनगटातले एक हाड मेले आहे आणि खचले आहे. आजार पुढच्या टप्प्याला गेला आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येईल."

"हाड मेले" या दोन शब्दांनी त्याची आई रडायला लागली. आणि "दुर्बिणीतून" हा शब्द ऐकून तो स्वतः निर्धास्त झाला. दोघांचाही समज अर्धवट होता. आम्ही डॉक्टर नाही, समाजकार्यकर्ते आहोत. पण या एका रुग्णामागे धावताना जे समजून घेतले, तज्ज्ञांना पुन्हा पुन्हा विचारून जे पक्के केले, ते आपल्या तरुणांपर्यंत आणि कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेख.

मनगट म्हणजे एक सांधा नव्हे

गुडघा किंवा कोपर जसे एक सांधा म्हणून आपण ओळखतो तसे मनगट नसते. मनगटात आठ छोटी हाडे असतात, चार-चारच्या दोन रांगांत बसवलेली. नदीपात्रातल्या गोट्यांसारखी ती एकमेकांना चिकटून असतात आणि अस्थिबंधांनी, म्हणजे लिगामेंट्सनी, एकमेकांशी बांधलेली असतात. हात वर-खाली करताना, मूठ वळताना, घमेले उचलताना ही आठही हाडे एकमेकांवर थोडी थोडी सरकतात. प्रत्येक हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते. ती शाबूत असेपर्यंत हालचाल दुखत नाही.

कोपरापासून येणारी दोन हाडे या रांगांना टेकतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. हातावर येणाऱ्या भाराचा मोठा वाटा रेडियस उचलते. रेडियसला टेकलेल्या पहिल्या रांगेत अगदी मधोमध एक हाड असते. बाजूने पाहिले तर ते चंद्रकोरीसारखे दिसते, म्हणून त्याला ल्युनेट म्हणतात. लॅटिन भाषेत 'ल्युना' म्हणजे चंद्र. त्याच्या शेजारी होडीच्या आकाराचे स्कॅफॉइड, आणि वर दुसऱ्या रांगेतले सर्वांत मोठे हाड कॅपिटेट.

ल्युनेट अडचणीच्या जागी आहे. खालून रेडियस आणि वरून कॅपिटेट, या दोघांच्या मध्ये ते दाबले जाते. शिवाय त्याचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा फार थोडी उरते. काही माणसांमध्ये तर एकाच बाजूने रक्त पोहोचते. तो पुरवठा बंद पडला की हाडाचा जिवंत भाग मरू लागतो, हाड ठिसूळ होते आणि वरच्या दाबाखाली हळूहळू चेपते.

किनबॉकचा आजार

या आजाराला किनबॉकचा आजार म्हणतात. ल्युनेट खचल्याचे वर्णन फ्रान्समध्ये पेस्त यांनी १८४३ सालीच केले होते, पण ते मृतदेहांच्या हाडांवरून. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाचे हाड पाहता येऊ लागले. व्हिएन्नातले क्ष-किरण तज्ज्ञ रॉबर्ट किनबॉक यांनी १९१० मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले.

हा आजार तसा दुर्मिळ आहे. पण तो कुणाला होतो हे पाहिले की आपण गप्प बसू शकत नाही. बहुतेक रुग्ण वीस ते चाळीस वयोगटातले पुरुष असतात, हाताने जड काम करणाऱ्यांचे प्रमाण त्यांत मोठे असते, आणि बहुधा ज्या हाताने माणूस काम करतो तोच हात धरला जातो. म्हणजे घर चालवायच्या वयात, घर चालवणारा हात.

कारण काय? इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. विज्ञानाने एकच एक कारण अजून ठरवलेले नाही. काही जणांचे अल्ना हाड रेडियसपेक्षा जन्मतः थोडे आखूड असते, त्यामुळे ल्युनेटवर जास्त भार येतो. स्वीडनच्या हुल्टेन यांनी १९२८ मध्ये हा संबंध दाखवला. काहींच्या हाडातल्या रक्तवाहिन्यांची ठेवणच कमकुवत असते. त्यावर पुन्हा पुन्हा बसणारे हादरे आणि दाब यांची भर पडते, असे मानले जाते. ब्रेकरमुळेच हाड मेले, असे आपल्या तरुणाबाबत कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. पण आजारी मनगटावर दोन वर्षे ब्रेकरचे हादरे बसत राहिले हे तर खरे आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जर्मनीत व्यावसायिक आजारांची सरकारी यादी आहे. तिच्यात हवेच्या दाबावर चालणाऱ्या आणि तशाच हादरे देणाऱ्या हत्यारांमुळे होणारे आजार २१०३ या क्रमांकाखाली येतात आणि ल्युनेट मरण्याचा आजारही त्यात धरला जातो. अटी कडक आहेत, पुरावा लागतो. पण कामगाराला निदान दावा करण्यासाठी एक दार तरी आहे.

उशीर म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतले शल्यविशारद डेव्हिड लिक्टमन यांनी १९७७ मध्ये या आजाराचे चार टप्पे मांडले. थोड्याफार सुधारणांसह ते आजही वापरले जातात. कार्यकर्त्यांनी हे टप्पे समजून घ्यावेत, कारण 'लवकर दाखवा' या सल्ल्याचा खरा अर्थ त्यांतूनच कळतो.

पहिल्या टप्प्यात हाडाला रक्त कमी पडू लागलेले असते, पण एक्स-रे साधा येतो. एमआरआयमध्येच आजार दिसतो. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणजे सगळे ठीक आहे असे नाही. दुखणे टिकून असेल तर पुढची तपासणी लागते. या टप्प्यावर मनगटाला काही आठवडे ते काही महिने पट्टा किंवा प्लास्टर लावून विश्रांती देणे हा पहिला उपाय असतो.

दुसऱ्या टप्प्यात एक्स-रेमध्ये ल्युनेट इतर हाडांपेक्षा पांढरे, घट्ट दिसते, पण आकार शाबूत असतो. तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला ते चेपू लागते. इथपर्यंत हाड वाचवण्याचे मार्ग खुले असतात. अल्ना आखूड असेल तर रेडियस दोन-तीन मिलिमीटर कापून आखूड करतात, म्हणजे ल्युनेटवरचा भार हलका होतो. काही वेळा शेजारच्या हाडाचा रक्तवाहिनीसह तुकडा ल्युनेटमध्ये बसवतात.

तिसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात ल्युनेट खचल्यामुळे कॅपिटेट खाली येते आणि होडीचे हाड, म्हणजे स्कॅफॉइड, पुढे कलंडून तसेच अडकते. चौकटीतली एक वीट निघाली की बाकीच्या जशा सरकतात तसे. चौथ्या टप्प्यात शेजारच्या सांध्यांची कूर्चाही झिजते, संपूर्ण मनगटाला संधिवात धरतो.

आपला तरुण रुग्णालयात पोहोचला तेव्हा तो तिसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात होता. तेल, गोळ्या आणि इंजेक्शने चालू होती त्या काळात हाड वाचवण्याची संधी निघून गेली. उशिराची किंमत एवढी स्पष्ट असते.

याच शेवटाला जाणारे आणखी दोन रस्ते आहेत, तेही इथे सांगायला हवेत. दुचाकीवरून किंवा परातीवरून तळहातावर पडल्यावर स्कॅफॉइड मोडते आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते दिसतच नाही असे होऊ शकते. दुखणे राहिले तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. न जुळलेले स्कॅफॉइड, किंवा स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांना बांधणारा तुटलेला अस्थिबंध, काही वर्षांनी मनगट तसेच झिजवतो.

पुढच्या टप्प्यात हाड परत मिळत नाही

शस्त्रक्रियेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. पुढच्या टप्प्यातली कोणतीही शस्त्रक्रिया मनगट पूर्वीसारखे करत नाही. ती वेदना कमी करते आणि त्या बदल्यात काहीतरी घेते. किती हालचाल द्यायची, किती ताकद राखायची आणि किती वर्षे टिकेल, या तीन गोष्टींचा तो हिशेब असतो. मुख्य पर्याय असे :

पहिला, पहिल्या रांगेतली तीन हाडे, म्हणजे स्कॅफॉइड, ल्युनेट आणि त्याच्या पलीकडचे ट्रायक्वेट्रम, काढून टाकणे. मग कॅपिटेटचे गोल डोके थेट रेडियसवर बसते आणि तिथे नवा सांधा तयार होतो. ऐकायला भयंकर वाटते, पण ही शस्त्रक्रिया १९४० च्या दशकापासून होते आहे. ढोबळमानाने चांगल्या हाताच्या तुलनेत निम्म्याच्या वर हालचाल आणि सत्तर-ऐंशी टक्के पकड राहते. हाडे जुळण्याची वाट पाहावी लागत नाही. अट एकच : कॅपिटेटचे डोके आणि रेडियसवरची त्याची जागा, दोन्हींची कूर्चा चांगली हवी. तरुण वयात आणि जड काम असेल तर हा नवा सांधाही पुढे झिजू शकतो, म्हणून डॉक्टर विचार करून हा पर्याय देतात.

दुसरा, काही हाडे एकमेकांना कायमची जोडणे. खचलेले ल्युनेट काढून किंवा ठेवून स्कॅफॉइड आणि कॅपिटेट एकजीव करतात, म्हणजे भार ल्युनेटला वळसा घालून जातो. थोडी हालचाल जाते, पण मनगटाची उंची आणि आधार राहतो. हाडे जुळली पाहिजेत ही इथली मुख्य अडचण.

तिसरा, मनगट पूर्ण जाम करणे. बहुधा प्लेट आणि स्क्रू बसवून हे करतात. मनगट वर-खाली वाकत नाही, पण तळहात उताणा-पालथा करता येतो आणि बोटे चालतात. ऐकणाऱ्याला ही शिक्षा वाटते. मात्र ज्याला रोज जड ओझेच उचलायचे आहे, त्याच्यासाठी न दुखणारे, मजबूत, न वाकणारे मनगट कधी कधी सर्वांत टिकाऊ उपाय ठरते.

चौथा, वेदना वाहून नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंच्या शाखा कापणे. हाडाला हात लावत नाहीत, दुखणे मात्र अनेकांचे कमी होते. आजार आत चालूच राहतो.

कृत्रिम सांधाही बसवता येतो, पण त्यावर वजनाची बंधने असतात. अंगमेहनतीच्या कामगारासाठी तो सहसा सुचवला जात नाही.

दुर्बीण काय करते?

आता त्या 'भोकं पाडून' करायच्या शस्त्रक्रियेकडे येऊ. जपानमध्ये केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून सांधा आतून पाहिला. तिथून सांध्यांच्या दुर्बिणीचा प्रवास सुरू झाला. मनगट इतके लहान की तिथे ही पद्धत पोहोचायला १९७० चे दशक संपत आले. १९८० च्या दशकात ती तंत्र म्हणून बसली. सुरुवातीला ती फक्त पाहण्यासाठी होती. पुढे हाडे काढणे आणि जोडणे हेही तिच्यातून होऊ लागले. हाँगकाँगचे शल्यविशारद पाक-चेऑंग हो यांनी दुर्बिणीतून मनगटाची हाडे जोडण्याचे तंत्र २००८ मध्ये मांडले.

प्रत्यक्षात काय होते? बहुधा हातापुरती भूल देतात. बोटे जाळीदार पट्ट्यांत अडकवून हात वर टांगतात आणि खाली ओढ देतात, म्हणजे सांध्यात फट पडते. मनगटाच्या मागच्या बाजूला अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासचे काही छेद घेतात. एका छेदातून दोन-अडीच मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून बारीक हत्यारे. आतले चित्र पडद्यावर दिसते. खराब कूर्चा आणि हाड बारीक फिरत्या हत्याराने खरवडून काढतात. हाडे जोडायची असतील तर फटीत हाडाचा भुगा भरतात आणि चालू एक्स-रेवर पाहत तारा किंवा स्क्रू बसवतात.

याचे फायदे खरे आहेत. मोठ्या छेदात मनगटाची पिशवी आणि अस्थिबंध कापावे लागतात, इथे ते बरेचसे वाचतात. हाडांभोवतीच्या रक्तवाहिन्यांना कमी धक्का लागतो. व्रण लहान, सूज आणि सुरुवातीचे दुखणे कमी, नंतरचा ताठरपणाही कमी राहावा अशी अपेक्षा असते.

पण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला तो दुसराच फायदा. दुर्बिणीतून कूर्चा प्रत्यक्ष दिसते. एक्स-रेवर चांगला वाटणारा सांधा आत झिजलेला असू शकतो. ऑस्ट्रेलियाचे ग्रेगरी बेन आणि त्यांचे सहकारी बेग यांनी २००६ मध्ये याच पाहणीवर आधारित वर्गवारी दिली. ल्युनेटभोवतीचे किती पृष्ठभाग निकामी झाले आहेत ते मोजायचे आणि त्यावरून कोणती शस्त्रक्रिया करायची ते ठरवायचे. तीन हाडे काढावीत की जोडावीत, हे अंदाजाने नव्हे तर पाहून ठरते.

आता मर्यादा. दुर्बिणीतून केले तरी काढलेले हाड काढलेलेच असते आणि जोडलेला सांधा हलत नाही. त्वचेवरचा छेद लहान झाला म्हणून आतला सौदा बदलत नाही. हाड जुळायला लागायचा तो वेळ लागतोच. हे कौशल्य शिकायला वर्षे जातात, खास उपकरणे लागतात, शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागू शकतो. छेदांजवळून संवेदनेच्या बारीक शिरा आणि बोटे हलवणारे स्नायूबंध जातात, त्यांना इजा होण्याचा थोडा धोका असतो. या पद्धतीवरचे अभ्यास बहुतेक लहान संख्येच्या रुग्णांवरचे आहेत. अनेक वर्षांनंतर ती उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरते असे ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून एखाद्या अनुभवी डॉक्टरांनी उघडी शस्त्रक्रिया सुचवली तर 'हे जुन्या पद्धतीचे' असे समजून पळून जाऊ नये.

पंधरा दिवस नव्हे, काही महिने

तर मग त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर काय? टाके पंधरा दिवसांत निघतात, कामावर जाता येत नाही.

हाडे जोडली असतील तर दोन महिन्यांच्या आसपास, कधी त्याहून जास्त, मनगट प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात राहते. हाड जुळले का ते एक्स-रेने किंवा सीटी स्कॅनने पाहतात. मग फिजिओथेरपी. जड काम त्यानंतरच, तेही हळूहळू. तीन हाडे काढली असतील तर हालचाल लवकर सुरू होते, तरी ताकद परत यायला महिने लागतात. प्लास्टरमध्ये असताना बोटे, कोपर आणि खांदा रोज हलवायचे असतात. नाहीतर मनगट बरे होते आणि बोटे आखडतात. विडी-सिगारेट हाड जुळण्याच्या आड येते, हे तर डॉक्टर सर्वांना बजावतात.

या महिन्यांचे घरभाडे कोण देणार? रोजंदारीवरच्या माणसाची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा फसते ती इथे. शस्त्रक्रिया बरोबर होते, पण पाचव्या आठवड्यात उधारी संपते, माणूस प्लास्टर काढून नाक्यावर उभा राहतो आणि न जुळलेले हाड हलते. तांत्रिक भाषेत त्याला 'हाड न जुळणे' म्हणतात. आम्हाला समाजशास्त्र शिकवले गेले म्हणून आम्ही त्याला दुसऱ्या नावानेही ओळखतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

लक्षणे ओळखा. मनगटाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध दाबल्यावर दुखणे. तळहात जमिनीवर टेकून उठताना कळ येणे. पकड सैल होणे, मनगट ताठ होणे, सूज राहणे. हे तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकले तर एक्स-रे काढायलाच हवा. कारण न शोधता इंजेक्शनने दुखणे दाबत राहणे धोक्याचे आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या आणि दिवसभर दुचाकीवर असणाऱ्या आपल्या पोरांनाही हे सांगा.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना प्रश्न विचारा. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आजार कोणत्या टप्प्यात आहे? माझ्यासाठी कोणते दोन-तीन पर्याय आहेत? कोणते हाड जाईल, कोणता सांधा जाम होईल? माझे काम हे आहे, ते मला परत करता येईल का? आपण दुर्बिणीने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? किती महिने कमाई बंद राहील? नाही जमले तर पुढचा मार्ग कोणता? रुग्णासोबत एक जण जावा आणि उत्तरे लिहून घ्यावीत.

कागद जपा. कामावर असताना झालेल्या इजेबद्दल भरपाईची तरतूद आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. पण किनबॉकसारख्या आजारात अपघाताचा एक दिवस दाखवता येत नाही, म्हणून दावा अवघड जातो. कधीपासून दुखते, कोणते मशीन, दिवसाचे किती तास, मुकादम कोण, ही नोंद पहिल्या तपासणीच्या कागदावरच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

योजना आधी तपासा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपल्याला सांगितलेली नेमकी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. बांधकाम कामगारांनी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी आणि दरवर्षी नूतनीकरण करावे. आजारी पडल्यावर नोंदणीसाठी धावण्यात अर्थ नसतो. कारखान्यात असाल तर राज्य कामगार विम्याचे कार्ड आहे का पाहा. त्यात उपचाराबरोबर आजारपणाच्या काळातला रोख लाभही असतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्या काळात प्रा. अदारकर यांचा कामगारांच्या आरोग्यविम्यावरचा अहवाल तयार झाला आणि पुढे १९४८ चा कायदा आला. आजारी कामगाराला उपचार आणि उत्पन्न दोन्ही मिळाले पाहिजे, हा विचार आपल्यासाठी नवा नाही. तो नाक्यावरच्या मजुरापर्यंत अजून पोहोचवायचा आहे.

त्या तरुणाचे काय झाले?

दुर्बिणीतून पाहिल्यावर त्याच्या रेडियस आणि कॅपिटेटची कूर्चा चांगली निघाली. म्हणजे तीन हाडे काढण्याचा मार्गही खुला होता. पण वय एकतीस, पुढे तीस वर्षांचे काम. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समजावले, त्याने आणि आईने दोन दिवस विचार केला, आणि खचलेले ल्युनेट काढून स्कॅफॉइड-कॅपिटेट जोडायचे ठरले. शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच झाली. प्लास्टरच्या काळात वस्तीतल्या मित्रांनी महिन्याला ठरावीक वर्गणी काढून त्याचे घरभाडे भरले. विहारातल्या रविवारच्या बैठकीत हा हिशेब उघडपणे वाचला जाई. दहाव्या आठवड्यात सीटी स्कॅनवर हाड जुळलेले दिसले.

त्याचे मनगट पूर्वीच्या निम्मेच वाकते. रात्रीची कळ गेली आहे. बादली उचलतो, गाडी चालवतो. ब्रेकर त्याने पुन्हा धरला नाही आणि धरूही नये असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आता तो एका फरशीच्या दुकानात मापे घेण्याचे आणि माल लावून देण्याचे काम करतो. पगार आधीच्यापेक्षा कमी आहे.

गेल्या महिन्यात त्यानेच आम्हाला फोन केला. त्याच्या जुन्या टोळीतल्या एकाचे मनगट दोन महिन्यांपासून दुखत होते. "दादा, त्याला तेल चोळू देत नाही मी. उद्या एक्स-रेला घेऊन येतो. तुम्ही रुग्णालयात थांबा."

आम्ही थांबलो. एक्स-रे साधा आला. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आहे.